चावडीच्या फळ्यावर

१९ एप्रिल, गावी

यात्रा संपली, पाहुणे गेले, घरात आबा आणि मी दोघंच उरलो. संध्याकाळी त्यांच्याबरोबर चावडीपर्यंत चालत गेले.

आमच्या चावडीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. गावातला जो जो फौजेत आहे त्याचं नाव, हुद्दा, पलटण आणि सध्याचं ठिकाण त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. पत्रं महिना महिना यायची नाहीत तेव्हापासूनची ही रीत. एका घरी पत्र आलं की ठिकाण फळ्यावर चढायचं आणि सगळ्या आळीला कळायचं, कुणाचं पोरगं कुठं आहे. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तरी हरिबातात्या दर सोमवारी ओल्या फडक्यानं फळा पुसतात आणि नव्यानं लिहितात. ते नाईक म्हणून निवृत्त झाले त्याला पस्तीस वर्षं झाली.

आज एकसष्ट नावं मोजली. माझं नाही. एकवीस वर्षं नोकरी झाली, फेब्रुवारीपासून एका वर्कशॉपची कमांड माझ्याकडे आहे, दोनशेच्या वर माणसं आहेत. पण लेकीचं नाव सासरच्या गावानं लिहायचं अशी इथली समजूत. माझं सासर सांगलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथं कुठला फळा.

हरिबातात्या हसत म्हणाले, "कर्नलबाई, तुमी आता फळ्यापेक्षा मोठ्या झालासा." मीही हसले. आबा शेजारी तंबाखू मळत राहिले. त्यांनाही तेच योग्य वाटत असावं. तोफखान्यातून नायब सुभेदार होऊन आलेला माणूस. लेकीला तिच्या कामाबद्दल आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. जेवणाबद्दल मात्र विचारतात.

मला त्याचं काही वाटत नाही.

२३ एप्रिल, सांगली

काल सांगलीला पोहोचले आणि रात्री पहलगामची बातमी. सकाळी सहाला युनिटमधून फोन, सुट्टी रद्द.

उदयसिंहनं बॅग खाली काढली. अठरा वर्षांच्या संसारात त्याला माझी बॅग भरायची इतकी सवय झाली आहे की बुटांचे मोजे कुठल्या कोपऱ्यात ठेवायचे हे तो मला सांगतो. लेकीनं, साक्षीनं, आठवीचा निकाल यायच्या आत परत येशील का, एवढंच विचारलं. मी खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही.

सासूबाईंनी, म्हणजे चंद्राबाईंनी, भाकरी बांधता बांधता विचारलं, तिथं दोनशे बाप्ये खरंच तुझं ऐकत्यात का. म्हटलं, ऐकतात. "नवल हाय," त्या म्हणाल्या, "हितं ही एवढीशी पोर ऐकत न्हाई." साक्षी हसली, मग मीही. निघताना हसायला मिळालं हे बरं झालं.

२७ एप्रिल

ठिकाणाचं नाव इथं लिहीत नाही. सवय.

पोहोचल्यापासून झोप तुकड्या-तुकड्यानं. आमचं काम लढण्याचं नाही. लढणाऱ्यांची हत्यारं आणि गाड्या चालू ठेवण्याचं. तोफ बिघडली तर ती आमच्याकडे येते, नाही तर आम्ही तिच्याकडे जातो. शांततेच्या काळात हे काम कुणाच्या लक्षात येत नाही. आता दर तासाला कुणीतरी विचारतं.

आज सुभेदार मेजर साहेबांनी जनरेटरबद्दलचा प्रश्न मी समोर असताना माझ्या दुय्यम अधिकाऱ्याला विचारला. तो तिशीतला आहे, त्याला उत्तर माहीत नव्हतं. मी दिलं. सुभेदार मेजर साहेबांनी "जी मॅडम" म्हटलं आणि ते गेले. त्यात अपमान नव्हता, सवय होती. पण रात्री तेच आठवत राहिलं. उद्या बॉम्ब पडायला लागले तर ही माणसं आधी कुणाकडे बघतील?

४ मे

वर्कशॉप पुढे न्यायचं ठरलं. कालव्याकाठच्या बंद पडलेल्या सरकारी शेडमध्ये.

इंजिनियर लोकांचा नकाशा माझ्याकडे होता. तरी दुपारी आबांना फोन केला. एकाहत्तर साली ते वीस वर्षांचे गनर होते आणि याच भागात होते. कालव्याच्या गाळात रुतलेल्या त्यांच्या गाडीची गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली आहे. मी ठिकाणाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या त्या कालव्याच्या कुठल्या काठानं जड गाडी जाते.

कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. मग म्हणाले, "डाव्या अंगानं जाऊ नको. वरनं कोरडं दिसतंय, खाली लोणी हाय. उजवीकडच्या झाडीतनं जा, एका मागं एक, लय अंतर ठिवून." पुढे वीस मिनिटं बोलले. पाणी कुठं मुरतं, वळणावर मागचं चाक कसं घसरतं, चिखलात पाचर कशाची मारायची. एवढं आम्ही दोघं कधी बोललो होतो ते आठवत नाही.

माहिती उपयोगी पडली. नकाशातही उजवा काठच दाखवला होता.

७ मे

पहाटे सुरू झालं. सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. दुपारी अर्धा तास, हवालदाराच्या समोर, फक्त घरी ख्यालीखुशाली सांगण्यापुरते मिळतील. कुणीही फोटो पाठवायचा नाही, कुठं आहोत ते सांगायचं नाही, बायकोलाही नाही. मी स्वतः उभी राहून हा हुकूम वाचला. माझाही फोन जमा केला.

८ मे, रात्री

आज दिवसभर एका रबराच्या कड्याशी भांडण.

पुलाजवळच्या विमानविरोधी तोफेतून तेल गळायला लागलं. ज्या यंत्रणेनं तोफ वळते तिचं सील फाटलं होतं. तोफ जुनी, माझ्याहून वयानं मोठी. त्या मापाचं सील भांडारात नव्हतं. मागवलं तर परवा येणार, आणि ड्रोन आज रात्री येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती तोफ मुकी राहिली तर पूल आणि पलीकडचं गाव उघडं पडत होतं.

हवालदार पायगोंडा कवठे महांकाळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं फाटकं सील बोटात फिरवलं, डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या उसाच्या ट्रॉलीच्या जॅकला हेच बसतंय."

माझा दुय्यम अधिकारी हसला. मी नाही हसले. लहानपणी फडाच्या बांधावर बसून भरलेली ट्रॉली उचलली जाताना पाहिली आहे. दहा-दहा टन ऊस. पायगोंडाला गाडी देऊन गावातल्या ट्रॅक्टरच्या दुकानात पाठवलं. तो तीन सीलं घेऊन आला.

पण मंजुरी नसलेला भाग तोफेला लावता येत नाही. वर विचारलं. उत्तर आलं, नियम बघून कळवतो. चार वाजले, पाच वाजले. मग मी थांबणं सोडलं. तोफेतून काढून आणलेल्या भागाला सील लावून अंगणातच चाचणी घेतली, नेहमीच्या दीडपट दाबावर, तासभर. थेंब नाही. नोंदवहीत लिहिलं, माझ्या जबाबदारीवर, आणि सही केली.

पायगोंडानं तो भाग परत तोफेवर चढवून हात पुसले तेव्हा सूर्य बुडाला होता. तो सूर्यास्तानंतर काही खात नाही. लंगरवाले, म्हणजे आमचे स्वयंपाकी, रोज साडेसहाला त्याचं ताट वाढतात. आज ते ताट तसंच राहिलं. मी म्हटलं, आज चालतं. म्हणाला, "उद्या खातो की मॅडम, पळून जातंय व्हय जेवण."

मी रात्रभर त्या तोफेजवळ थांबणार आहे. सील चुकलं तर ते आधी मला दिसायला हवं.

९ मे, सकाळी

चाललं.

तीनच्या सुमारास ते आले. आधी गवत कापायच्या यंत्रासारखा आवाज, मग काही नाही, मग पुन्हा आवाज. तोफ वळली. लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. पहिल्या फैरी वाया गेल्या. नंतर आकाशात एक पेटती चिंधी दिसली आणि ती शेतात पडली. अर्ध्या तासानं दुसरी. पूल जागेवर आहे. गाव जागेवर आहे.

दिवा लावायची बंदी, म्हणून पायगोंडा अंधारात तोफेच्या पोटाखाली सरकला आणि हातानं चाचपून म्हणाला, "कोरडं हाय."

मी ओरडले. कर्नलनं ओरडू नये, पण मी ओरडले, आणि माझ्या मागून अंधारातून सुभेदार मेजर साहेबही ओरडले.

९ मे, दुपारी ३

क्रमानं लिहिते.

एक वाजता फोनची वेळ. पायगोंडा धावत आला, चेहरा उजळलेला. "मॅडम, तुमचं नाव लागलं गावात." त्याच्या मेहुण्यानं कवठे महांकाळहून फोटो पाठवला होता. आमच्या चावडीचा फळा. सगळ्यात वर, इतरांपेक्षा दुप्पट अक्षरात, माझं नाव. हुद्दा कर्नल. वर्कशॉपचा क्रमांक. आणि ठिकाण, कालव्याच्या नावासकट.

अक्षर हरिबातात्यांचं नव्हतं. आबांचं होतं. तात्यांशी वाद घातला असणार आणि जिंकण्यासाठी लिहिलं असणार; म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

एक क्षण, खरंच सांगते, मला फक्त माझं नाव दिसलं. मग पायगोंडाचा चेहरा उतरला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. फोटो आमच्या गावाहून कवठे महांकाळला आणि तिथून इथवर पोहोचला होता. अजून कुठं कुठं पोहोचला असेल ते कोण सांगणार.

आबांना फोन लावला.

"आबा, चावडीचा फळा पुसा. आत्ता."

"का गं? पयलं नाव हाय तुझं."

"ठिकाण लिहिलंय तुम्ही. मी कुठं आहे ते लिहिलंय."

पलीकडे खाट वाजली. मग, "पुसतो." फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला, कुणाची तरी हाक, मग पाण्याच्या बादलीची कडी. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पुसलं. नाव बी पुसलं." मी फोन बंद केला.

आता दोन रस्ते होते. फोटो गावातल्या म्हाताऱ्यांनी टाकला असं म्हणून गप्प बसायचं. हा कालवा चाळीस कोस लांब आहे, कुणी शोधणार नाही अशी आशा करायची. किंवा ब्रिगेडियर साहेबांना सांगायचं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं: चार तारखेला मी वडिलांना फोन केला, कालव्याबद्दल विचारलं, ठिकाण त्यांना माझ्या प्रश्नावरून कळलं. ज्या कमांडरनं बायकोलाही सांगू नका असा हुकूम वाचला, तिनंच. अशा गोष्टीवर कमांड जाते. आणि माझी गेली तर म्हणतील, बघा, बाईला दिली होती.

पायगोंडा तिथंच उभा होता. त्यानं काही पाहिलं नाही असं तो सांगायला तयार होता, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून समजत होतं. दोनशे चार माणसं त्या शेडमध्ये झोपतात.

साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. विचारलं, किती वेळात हलाल. म्हटलं, चार तास. "तीन," ते म्हणाले. "बाकीचं नंतर, लेखी."

सगळ्यांना गोळा करून कारण सांगितलं. खोटं कारण देता आलं असतं. म्हटलं, माझ्या चुकीमुळे ही जागा उघडी पडली आहे, तीन तासांत निघायचं आहे. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. सुभेदार मेजर साहेब म्हणाले, "मॅडम, पहले क्या उठाएँ?" मी सांगितलं.

९ मे, संध्याकाळी

दोन तास पन्नास मिनिटं. उजव्या काठानं, झाडीतून, एकामागे एक. वीटभट्टीच्या आवारात आलो आहोत. शेजारच्या युनिटची एक गाडी डाव्या काठावर रुतून बसलेली वाटेत दिसली. आमची एकही नाही.

पायगोंडाचं ताट आज वेळेवर वाढलं. दोन दिवसांचं जेवला.

१० मे, सकाळी

पहाटे सव्वाचारला जुन्या शेडवर ड्रोन पडला. आम्ही इथून स्फोट ऐकला. उजाडल्यावर मी आणि सुभेदार मेजर साहेब बघून आलो. छप्पर नाही. मधल्या भिंतीजवळ, जिथं रात्रपाळीची मुलं सतरंज्या टाकून झोपायची, तिथं कमरेइतका खड्डा.

तो फळ्यावरून आला की आपला आपण आला, हे कुणालाच कधी कळणार नाही. मी ते कळून घ्यायचा प्रयत्नही सोडून दिला आहे. शेड रिकामं होतं.

सुभेदार मेजर साहेब खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. परत येताना गाडीत त्यांनी मला रात्रीच्या पहाऱ्याबद्दल विचारलं, मग पाण्याच्या टँकरबद्दल, मग स्वतःच्या मुलीबद्दल. ती बारावीला आहे, तिला फौजेत यायचं आहे, अर्ज कधी निघतो.

संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली.

११ मे

सकाळची हजेरी मी स्वतः घेतली. दोनशे चार. दोनशे चार हजर. शेवटचं नाव वाचून झालं तरी मला तिथून हलावंसं वाटेना. उन्हात उभे राहिलेले, दाढी वाढलेले, ग्रीस माखलेले दोनशे चार जण. मी "विसर्जन" म्हणायचं विसरले आणि तेही तसेच उभे राहिले. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळीच रांग हसत सुटली. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता. उदयसिंहला हे वाचायला देणार नाही.

३१ मे

चौकशी संपली. आज साहेबांनी बोलावलं आणि टेबलावर दोन कागद ठेवले. पहिला, लेखी समज: संवेदनशील माहिती निष्काळजीपणे उघड होऊ दिल्याबद्दल. दुसरा, प्रशंसापत्र: तोफ वेळेत कार्यान्वित केल्याबद्दल आणि युनिट सुरक्षित हलवल्याबद्दल. दोन्हींवर एकच तारीख, एकच सही.

विचारायचं धाडस केलं, कमांड? साहेब दुसरी फाईल वाचत होते. म्हणाले, "तुमची माणसं तुमची वाट बघत असतील, कर्नल. ट्रॅक्टरच्या सीलांवरचा अहवाल सोमवारपर्यंत पाठवा, वरच्यांनी मागवलाय."

बाहेर आल्यावर सुभेदार मेजर साहेबांनी माझा चेहरा पाहिला आणि गाडीचा दरवाजा उघडला.

आबांचा नऊ तारखेपासून फोन नाही. उदयसिंह करतो, त्याच्याशी ते बोलतात. मुलीनं हुकूम दिला हे लागलं असणार.

१५ जून, सांगली

आठ दिवसांची सुट्टी. साक्षीला गणितात ब्याऐंशी. चंद्राबाईंनी शेजारच्या बायकांना बोलावून माझ्या तोंडून ड्रोनची गोष्ट तीनदा वदवून घेतली आणि तिन्ही वेळा मध्ये स्वतःची भर घातली.

अकरा वाजता दारात आबा. एसटीनं, एकटे, न कळवता. तीन मजले चढून दम लागलेला. पाणी दिलं तर हातात धरून बसले. मग म्हणाले, "कमांड गेली का ऱ्हायली?"

"राहिली."

त्यांनी पाणी प्यायलं, सगळं, एका दमात. पाच आठवडे त्यांना वाटत होतं की ती गेली, त्यांच्यामुळे गेली; उदयसिंहलाही त्यांनी विचारलं नव्हतं. म्हटलं, फोन करून विचारायचं. "फोनवर कशाला असलं बोलायचं," ते म्हणाले. "एकदा बोललो तेवढं बास."

मी दोन्ही कागद आणून दिले. लेखी समजेचा कागद त्यांनी आधी उघडला. बोट फिरवत, ओठ हलवत दोनदा वाचला. इंग्रजी त्यांना फौजेपुरती येते आणि हा कागद फौजेचाच होता. एका ओळीवर बोट थांबलं. संबंधित अधिकाऱ्यानं चूक स्वतःहून तत्काळ कळवली.

"हे तुला कुणी सांगितलं करायला?"

"कुणी नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतं. दोन फौजी पारावर बसून बोलतात तसं होतं. "एकाहत्तरला ती गाडी रुतली न्हवं, ती गाळानं न्हाई रुतली. उजवीकडनं जायाचा हुकूम होता. मीच डावीकडनं घातली, जवळ पडतंय म्हणून. दोन तोफा सकाळपातूर पोचल्या न्हाईत. आमी सगळ्यांनी मिळून लिवलं, पाण्यानं काठ फुटला." थांबले. "चोपन वर्सं झाली. कुणाला बोललो न्हाई."

शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. मी त्यांच्या शेजारी सरकून बसले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यो कागद न्हेऊ का? चावडीवर दाखवायला. हरिबाला, समद्यांस्नी."

"आबा, त्यावर युनिटचं नाव आहे. तो बाहेर न्यायचा नसतो."

"व्हय की." त्यांनी कागद होता त्याच घडीवर मिटला आणि माझ्या हातात दिला. "मग तोंडानं सांगू का? तुझं, आन माझं बी?"

"सांगा."

जेवून जा म्हटलं तर थांबेनात. विट्याची दोनची गाडी मिळाली तर पुढची गाठून सहापर्यंत चावडीवर पोहोचतो, सगळे तेव्हाच बसलेले असतात, असा त्यांचा हिशेब. चंद्राबाईंनी भाकरी-पिठलं डब्यात घालून दिलं. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तसे ते मला मागे टाकून गर्दीत घुसले, कोपरानं वाट काढत, पुढची खिडकी धरली, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस ताजी बातमी पोहोचवायला निघालेल्या पोरासारखा बसला.

घरी आले तेव्हा प्रशंसापत्र टेबलावर तसंच पडलेलं होतं. त्यांनी ते उघडलंच नव्हतं.